तुझ्या नावाचा पुरस्कार होऊ दिला नाही, शलाका

शलाका,

समीरचा फोन आला होता. "रेणू, संस्थेच्या वेबसाइटसाठी शलाकाबद्दल थोडं लिहून देशील? छोटंसंच. आणि प्लीज यार, पॉझिटिव्ह ठेव." तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्याला मी एक अक्षरही पाठवणार नव्हते, म्हणून हे तुलाच लिहितेय. यात पॉझिटिव्ह वगैरे काही मिळणार नाही. मला राग आलाय आणि तो मी नीट, सवडीने काढणार आहे. एरवी तू टेबलाखालून माझा हात दाबून मला गप्प करायचीस. आता बस बघत.

त्या सकाळी रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा बर्फ होता, तुझी गाडी घसरली आणि संपलं. कुणाचीच चूक नाही, पोलीस म्हणाले. हे मला फार जड गेलं गं. कुणाची तरी चूक असती तर मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते. आता मैत्रिणी म्हणतात, हिला भांडायला कुणी सापडलं नाही म्हणून ही समीरच्या मागे लागली. म्हणू देत. समीरवरचा माझा राग तुझ्या मरणाच्या आधीचा आहे, तुला चांगला माहीत आहे.

तुझी आई रोज फोन करते. नाशिकला सगळे नातेवाईक येऊन गेले, आता घर रिकामं झालंय, मग त्या मला फोन लावतात. मागे एकदा विचारलं, "रेणू, ती रविवारी नेमकं काय करायची गं? मुलांच्या मीटिंगा घेते म्हणायची. मला वाटायचं, बालवाडीसारखं काहीतरी असेल." मला आधी हसू आलं, मग रडू आलं. मी म्हटलं, काकू, जगभर शाखा असलेली एक संस्था आहे, आमच्यासारख्या तरुण पोरापोरींनी चालवलेली, लहान मुलांच्या हक्कांसाठी. तिची इथली एक समिती शलाका चालवायची. इथे अमेरिकेत ज्या आईबापांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी त्यांचीच पोरं दुभाषी होतात. दवाखान्यात, शाळेत, बँकेत. नऊ-दहा वर्षांचं पोरगं डॉक्टरांचं बोलणं आईला समजावून सांगतं, कितीही वाईट असलं तरी. हे मुलांचं काम नाही, दवाखान्याने त्यासाठी मोठा माणूस नेमावा, म्हणून ही समिती. काकू म्हणाल्या, "म्हणजे मोठंच काम होतं की. मला कशी कधी बोलली नाही?"

काय सांगणार त्यांना! तू स्वतःबद्दल कुणालाच काही सांगायची नाहीस. तुझ्या या गुणाचं सगळ्यांना भारी कौतुक. माझ्या मात्र तो डोक्यात जायचा, कारण त्याचा फायदा भलतेच लोक घ्यायचे.

मी तुमच्या मीटिंगला पहिल्यांदा आले ती तुला सोडायला. तुझी गाडी गॅरेजमध्ये होती. आपल्या या डब्लिनच्या लायब्ररीतली ती मागची खोली, टेबलाभोवती तुझी पोरं. मी सवयीने बोलायला तोंड उघडलं तर तन्वीने, त्या एवढ्याशा तन्वीने, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "यू आर ओव्हर एटीन. वेट." मी तुझ्याकडे पाहिलं. तू दात काढून हसत होतीस. मग तू नियम सांगितलास, तोही कुजबुजत. आधी मुलं बोलतील. शेवटच्या मुलाचं बोलून होईपर्यंत मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. मुलाने मोठ्याला थेट प्रश्न विचारला तरच उत्तर द्यायचं आणि त्या उत्तरात 'बट' आणायचा नाही. मी म्हटलं, हा काय छळ आहे! तू म्हणालीस, "छळ कसला? मुलांनी बनवलाय नियम. मला पण सुरुवातीला घाम फुटायचा."

त्याच दिवशी येसेनियाचा बोलायचा नंबर आला आणि ती बोलेचना. चौदा वर्षांची मुलगी, मान खाली, हुडीच्या नाड्या ओढत बसलेली. माझ्या जिभेवर शब्द वळवळत होते. बाळा, काही हरकत नाही, नंतर बोल, असलं काहीतरी. तू नुसती बसून राहिलीस. घड्याळाकडे पाहिलं नाहीस, तिच्याकडेही टक लावून पाहिलं नाहीस. आणि मग ती बोलली. आईचा आजार पसरलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. "मी आईला सांगितलं, कमी झालाय. आई इतकी खूश झाली की तिने येताना मला आइसक्रीम घेऊन दिलं. मी ते खाल्लं." एवढं बोलून तिने पुढच्याकडे बोट केलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी तिला मिठी मारायला धावलं नाही. पुढचा मुलगा बोलायला लागला.

गाडीत मी रडले आणि तू मला खाकऱ्याचं पाकीट दिलंस. ते दिल्याबद्दल आणि त्या खोलीत मला बसू दिल्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानते. मी मूळची बडबडी, नागपूरची, आमच्या घरात गप्प बसणारा माणूस आजारी समजतात. ऐकायचं कसं ते मी तिशीच्या तोंडावर तुझ्याकडून शिकले, आणि तेही अर्धंमुर्धंच.

आता समीर.

पुण्यात समीर, इथे सॅम, आणि अमेरिका विभागाचा अध्यक्ष झाल्यापासून फ्रिस्कोत बसून आपल्याला झूमवर दर्शन देणारा. जागतिक परिषदेसाठी आपल्या समितीकडून निवेदन मागवलं होतं. मुलांनी ते स्वतः लिहिलं. त्यात येसेनियाचं आइसक्रीम होतं. अब्दीचं वाक्य होतं, की बाबांना घर सोडायला सांगणारी नोटीस मी त्यांना वाचून दाखवली आणि त्या दिवसापासून बाबा माझ्या नजरेला नजर देत नाहीत. तू एक स्वल्पविरामही बदलला नव्हतास, मी साक्षीदार आहे. आणि समीरने ते "पॉलिश" केलं. आइसक्रीम गेलं, बाबांची नजर गेली. त्या जागी आलं, की बहुभाषिक बालके ही कुटुंबाची शक्ती असून त्यांच्या नेतृत्वगुणांना वाव मिळावा. अरे गाढवा! ती पोरं ज्या ओझ्याखाली वाकली होती, त्याचाच तू हार करून त्यांच्या गळ्यात घातलास. वर ते परिषदेत वाचलं कोणी? त्यानेच, सूट घालून. मुलं मागे फलक धरून उभी.

तू त्याला सगळ्यांसमोर एवढंच म्हणालीस, "समीर, हे त्यांचं नाही." आवाज न चढवता. तुझ्या जागी मी असते तर माइकच हिसकावला असता. त्या एका वाक्यासाठी पुढच्या महिन्यात तुझं समितीचं अध्यक्षपद गेलं. "शलाका थकलीये, आम्ही तिला ब्रेक देतोय." किती काळजी! समितीची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली आणि मुलांची मतं "सल्ला म्हणून" धरायची ठरवलं. म्हणजे ऐकायची आणि बाजूला ठेवायची.

यावरून आपण त्या इंडियन स्टोअरमध्ये भांडलो होतो, फ्रोझन पराठ्यांच्या कपाटासमोर. मी म्हणत होते, संस्थेच्या वरच्या ऑफिसला सांगू, सगळ्यांना सांगू, त्याची चांगली जिरवू. तू म्हणालीस, "जाऊ दे यार, रेणू. मी गेले तर गेले. मुलांचं काम थांबायला नको." मी म्हटलं, "थांबलंय ते! त्यानेच थांबवलंय!" दुकानातली दोन कुटुंबं आपल्याकडे बघत होती. मग तू ते म्हणालीस, जे मला अजून टोचतंय. "तुझ्या रागाने त्या मुलांचं काय भलं होणार आहे, सांग ना मला." मी पराठे घेतले आणि बिलाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पुन्हा तो विषय निघाला नाही, आणि मग तू ही अशी निघून गेलीस.

उत्तर आता आहे माझ्याकडे. ऐक.

गेल्या रविवारी तुझी शोकसभा झाली. मराठी मंडळाचा नेहमीचा हॉल, जिथे गणपती बसतो तोच. सकाळची वेळ ठेवली, कारण तेव्हा नाशिकला संध्याकाळ असते. मोठ्या पडद्यावर एका चौकोनात काका-काकू, दुसऱ्या चौकोनात वरच्या ऑफिसच्या बाई. खुर्च्यांवर मुलं, त्यांचे आईबाप, तुझ्या ऑफिसचे लोक. समीर फ्रिस्कोहून विमानाने आला होता, काळा कुर्ता वगैरे घालून. दारातच मला म्हणाला, तो तुझ्या नावाने एक पुरस्कार जाहीर करणार आहे. दरवर्षी एका तरुण नेतृत्वाला. ज्या बाईचं अध्यक्षपद काढून घेतलं तिच्या नावाने नेतृत्वाचा पुरस्कार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तुझ्यासारखी शांत हसले. वरून तो म्हणाला, "सूत्रसंचालन तू कर ना, तू इथल्या सगळ्यांना ओळखतेस." शहाणा! स्वतःच्या हाताने मला माइक दिला.

मी उभी राहिले आणि म्हटलं, आजची सभा शलाकाच्या पद्धतीने होईल. नियम सांगितला, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मुलं खुर्च्यांत सरळ होऊन बसली. समीर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रेणू, आधी माझं ओपनिंग आहे." मी म्हटलं, "अठराच्या वर आहेस ना? मग गप्प बस." माइक चालू होता. मला ते माहीत होतं.

तन्वी मराठीत बोलली, काका-काकूंसाठी. मोडकंतोडकं, पण तुझ्यासाठी घोकून आली होती. "शलाका मावशीने मला कधी नाही म्हणाली की नीट बोल. ती फक्त ऐकायची." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. अब्दीने सांगितलं, तू त्याच्या बाबांना भेटायला गेली होतीस आणि त्यांच्याशी फक्त फुटबॉलवर बोलून परत आलीस. हे तू मला कुठे सांगितलं होतंस? आणि मग येसेनिया उठली. कागद नाही, काही नाही. ती समीरकडे वळली आणि म्हणाली, "आय हॅव अ क्वेश्चन. व्हाय डिड यू रिमूव्ह हर?"

समीर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघत होते. शेवटी उठला आणि म्हणाला, "इट वॉज अ कलेक्टिव्ह डिसिजन, बट..." आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, "नो बट!" अगं, तू असतीस तर टेबलाखाली गेली असतीस हसून. मला हसू आवरेना. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला. मुलं थांबली. तू थांबायचीस तशीच, न रागावता. तुझ्या तालमीत तयार झालेली पोरं ती, संध्याकाळपर्यंत थांबली असती. आणि बाहेर पडलं एकदाचं. त्याने विचारल्याशिवाय बदल केले, तिने त्याला सगळ्यांसमोर अडवलं, ते त्याला सहन झालं नाही. म्हणून काढलं. वरच्या ऑफिसच्या बाईंनी पडद्यावर चष्मा काढून हातात घेतला.

हे सगळं इंग्रजीत चाललेलं. आणि पडद्यावरून तुझ्या आईचा आवाज आला, "काय म्हणाला गं तो? मला समजलं नाही."

तन्वी लगेच उठली. सवय ना तिला, तिची आजी सांगलीहून आली की दवाखान्यात हीच सोबत जाते. माइककडे यायला लागली, काकूंना मराठीत सांगायला. मी तिला म्हटलं, "तू बस बाळा. हे तुझं काम नाही." आणि समीरकडे वळले. "तुला मराठी येतं. काकूंना तू सांग."

शलाका, हे मी ठरवून आले नव्हते. नियम, माइक, ते सगळं मी ठरवलं होतं. हे नव्हतं. पण ती वेळ आली आणि मी सोडली नाही. इंग्रजीत बोलताना तो अध्यक्ष होता. मराठीत बोलायची वेळ आली तर कुणाच्या तरी आईसमोर उभा राहिलेला पोरगा झाला. त्याला कलेक्टिव्हही म्हणता येईना आणि डिसिजनही. म्हणाला, "काकू, मी... शलाका समिती चालवायची ना... मी तिला काढलं होतं. तिची चूक नव्हती. मुलांनी लिहिलेलं मी बदललं, ती नको म्हणाली, म्हणून काढलं."

काकूंना काही माहीत नव्हतं. तू त्यांना सांगितलंच नव्हतंस. दर रविवारी फोनवर म्हणत राहिलीस, आत्ताच मीटिंग संपली. त्यांनी समीरकडे पाहिलं आणि विचारलं, "का रे बाळा?"

तो तसाच उभा राहिला, आणि मी त्याला खाली बसायला सांगितलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला. तू म्हणशील, काकूंना हे आज कळायला नको होतं. नसेलही. पण त्यांच्या पोरीला कोणी गप्प केलं हे तिची आई सोडून सगळ्यांना माहीत असावं, हे मला पटत नाही.

मग मुलांनी हात वर करून मतदान घेतलं, माझ्या परवानगीशिवाय. पुरस्कार नको, असं ठरलं. निवेदन होतं तसं परत हवं आणि वसंतातल्या बैठकीत ते येसेनिया वाचणार. समितीचा अध्यक्ष आम्ही निवडणार, आणि आमचं मत म्हणजे मत. वरच्या ऑफिसच्या बाई पडद्यावरून म्हणाल्या, मान्य. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, आता फिरवून दाखवा म्हणावं! विचारलं होतंस ना, माझ्या रागाने त्या मुलांचं काय भलं होणार? हे झालं. तुझ्या 'जाऊ दे'ने झालं नव्हतं, शलाका. हे तुला मान्य करावं लागेल.

सभा संपवायला मी उठले तर अब्दीने हात वर केला. म्हणाला, मुलांचं झालंय, आता मोठ्यांची पाळी, समीरला बोलायचं असेल. मला त्याला बोलू द्यायचंच नव्हतं! पण नियम त्यांचा. समीर उठला, छापून आणलेलं भाषण त्याच्या हातातच राहिलं, आणि "सॉरी" म्हणून बसला. तेवढंच. मुलांना ते पुरलं. मला नाही पुरलं. उपमा वाढताना मी त्याच्या टेबलाकडे फिरकलेच नाही. तो केव्हा गेला मी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बराच वेळ त्या अब्दीबद्दल, तन्वीच्या मराठीबद्दल बोलत राहिल्या. मग विचारलं, "तो मुलगा लांबून आला होता ना गं? जेवून गेला का?"

"मी विचारलं नाही काकू," मी म्हटलं. "तुम्हाला त्याचा राग नाही येत?"

"न यायला काय झालं? रात्रभर झोप नाही मला. पण राग काय, जेवून झाल्यावरही करता येतो."

मी फोन ठेवला आणि तुझ्या नावाने ओरडले, एकटीच, स्वयंपाकघरात. इतकी वर्षं मी तुझ्या 'जाऊ दे'शी भांडले आणि ते तुझं एकटीचं नव्हतंच. घरून घेऊन आली होतीस. आता मी कुणाकुणाशी भांडू?

मुलांनी मला अध्यक्ष हो म्हणून विचारलंय. मी हो म्हटलंय. पहिल्याच बैठकीत ते ठराव आणणार आहेत, की समीरलाही बोलवायचं, गप्प बसून ऐकायला. मी विरोधात बोलणार आहे आणि हरणार आहे, कारण अठराच्या वरच्यांना मत नसतं.

मी त्याला माफ केलेलं नाही, शलाका. काकू सांगोत, मुलं सांगोत, मी ऐकणार नाही. तू सांगितलंस तर विचार करीन. पण मग ते सांगायला तुला यावं लागेल.

रेणू